उद्याचा बांबू कुणाचा?

बांबू हे झाड आहे की गवत?

वनस्पतिशास्त्र शिकलेल्या कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: गवत. ज्वारी, भात, ऊस आणि अंगणातली हरळी ज्या कुळातली, त्याच कुळातला हा उंच भाऊ. त्याला साल नाही, वर्षागणिक त्याची जाडी वाढत नाही, आत वर्तुळे पडत नाहीत. पण १९२७ चा भारतीय वन कायदा उघडला तर तिथे ‘झाड’ या शब्दाची व्याख्या सापडते, आणि ताड-माड, वेत, खुंट, झुडपे यांच्या पंगतीत बांबूलाही बसवलेले दिसते. तो शब्द तिथे नव्वद वर्षे होता. २०१७ च्या अखेरीस काढला.

एवढ्याशा शब्दाने काय बिघडते, असे मलाही वाटायचे. मग गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावाची गोष्ट वाचत गेलो आणि थक्क होत गेलो. झाड म्हटले की ते लाकूड झाले. लाकूड म्हटले की ते वनखात्याचे झाले. मग ज्या गावाच्या शिवाराला लागून ते उगवते, त्या गावच्या माणसाने चार बांबू तोडून बाजारात नेले तर तो चोर ठरला. तेच गवत म्हटले की ते गौण वनोपज, म्हणजे मोहफुलांच्या आणि मधाच्या रांगेतले. आणि त्यावर गोळा करणाऱ्याचा हक्क सांगता येतो. एका शब्दाच्या अलीकडे चोरी, पलीकडे मालकी.

मानवी हक्क आणि शाश्वत विकास हे दोन शब्द आपण परिषदांच्या फलकांवर शेजारी शेजारी वाचतो. दोन्ही चांगलेच आहेत, तेव्हा ते सोबत असणार, असे धरून पुढे जातो. ते एकमेकांना नेमके कुठे जोडलेले आहेत, तो सांधा मला बांबूच्या बेटात सापडला. म्हणून आधी तिथेच जाऊ.

बांबू एकेकटा उभा राहत नाही. पूर्व विदर्भाच्या जंगलातला मानवेल बांबू बेट करून राहतो. जमिनीखाली गाठीगाठींचा कंद असतो आणि पावसाळा लागला की त्याला कोंब फुटतात. गडचिरोली-चंद्रपूरकडे या कोंबांना वास्ते म्हणतात, त्यांची भाजी करतात. हा वास्ता जमिनीतून डोके वर काढतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. पुढे काही आठवड्यांतच तो आपली पूर्ण उंची गाठतो आणि मग आयुष्यभर तसूभरही वाढत नाही. फक्त आतून टणक होत जातो. कामाला यायला त्याला दोन-तीन वर्षे लागतात.

इतक्या झपाट्याने वाढायला अन्न कुठून येते? वाढत्या कोंबाला तर धड पानेही नसतात. ते येते खालच्या कंदातून, आणि कंदात ते साठवून ठेवलेले असते आधीच्या वर्षांच्या बांबूंनी. यंदाचा कोंब गेल्या वर्षीच्या आणि त्याआधीच्या बांबूंच्या शिदोरीवर उभा राहतो. थोरली भावंडे सगळीच कापून नेली तर पुढच्या पावसाळ्यात कोंब येतात, पण बारीक, काटकुळे. आणखी दोन वर्षे तसेच चालले तर बेट बसते.

यात आणखी एक मेख आहे. नवे बांबू बेटाच्या कडेला येतात. जुने, पिकलेले मधोमध अडकलेले असतात. तोडायला हवेत ते आतले, पण हात सहज पोहोचतो तो बाहेरच्या कोवळ्यांपर्यंत. आतला बांबू काढायचा तर बेटात शिरायला वाट करावी लागते, वर एकमेकांत गुंतलेले शेंडे सोडवावे लागतात, अंग खरचटते, आणि एका बांबूला चार बांबूंचा वेळ जातो.

आता एक मजूर डोळ्यांपुढे आणा. त्याला नगावर पैसे मिळतात. कंत्राट या हंगामाचे. पुढच्या हंगामात ठेकेदार कोण असेल, या बेटाकडे आपण परत येऊ की नाही, त्याला ठाऊक नाही. संध्याकाळपर्यंत मोळी पुरी व्हायला हवी. कोणता बांबू तुटेल? कडेचाच. त्यात त्याचा लोभ शोधू नये. घरी चूल पेटायची आहे. आता त्याच माणसाला त्याच बेटावर उद्याचाही हक्क द्या. पुढच्या पावसाळ्यातला वास्ता त्याच्या गावाचा, त्याच्या पुढचाही, त्याची लेक मोठी होईल तेव्हाचाही. कोयता तोच असतो, हातही तोच असतो, पण आता तो कडेचे कोवळे बांबू बाजूला सारून बेटाच्या आत शिरतो.

हे पहिल्यांदा लख्ख समजले तेव्हा मी हातातले पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलंड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८७ मध्ये आपला अहवाल दिला, तेव्हापासून शाश्वत विकास म्हणजे काय ते जगाला पाठ आहे: आजच्या गरजा अशा भागवायच्या की पुढच्या पिढ्यांची ताटे रिकामी राहू नयेत. व्याख्या सुरेख आहे. पण ज्याला आपल्या जागेवर उद्या आपण असू की नाही हेच माहीत नाही, त्याने पुढच्या पिढीसाठी काय राखायचे आणि कुठे? याचे उत्तर त्याच सुमाराला दुसऱ्या एका कागदावर उमटले होते. अहवालाच्या काही महिने आधी, ४ डिसेंबर १९८६ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विकासाच्या हक्काचा जाहीरनामा मंजूर केला. विकास ही कोणी वरून वाढायची गोष्ट नाही, त्यात भाग घेणे हा माणसाचा हक्क आहे, असे त्यात म्हटले. दोन्ही कागद वेगवेगळ्या दालनांत तयार झाले. त्या बेटाजवळ उभे राहिले की ते एकाच वाक्याचे दोन तुकडे वाटतात.

वनातल्या माणसाचा उद्या त्याच्याकडून काढून घेतला गेला, तो काही एका दिवसात नाही. १८६५ मध्ये इंग्रजांनी पहिला वन कायदा केला, १८७८ मध्ये तो आणखी आवळला. डोंगर, दऱ्या, गायराने सरकारच्या हद्दीत गेली. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याची झणझणीत फिर्याद मांडली आहे, जंगलखात्याने कुणब्याच्या शेळ्यामेंढ्यांना चरायलाही जागा ठेवली नाही, हे त्यांना तेव्हाच दिसले होते. पुढे १९३० मध्ये जंगल सत्याग्रह झाले. लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला काय केले? राखीव जंगलातले गवत कापले. मिठासारखेच गवत. मूठभर, स्वस्त, आणि त्यावर हात ठेवला की सगळ्या राज्याचा पाया हलावा इतके मोलाचे.

स्वातंत्र्य आले, हद्दी तशाच राहिल्या. बांबूची गोष्ट तर अधिकच करुण. देशाला कागद हवा होता आणि कागदाला बांबू. कर्नाटकातल्या कारवार भागात गिरण्यांना बांबू दिला गेला तो टनाला दीड रुपया दराने, जेव्हा बाजारात टनाला दीड हजाराच्या वर भाव होता. टोपल्या विणणारा बुरूड मात्र बाजारभावानेच विकत घेई. ही आकडेवारी पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी वारंवार मांडली. दीड रुपयात टन मिळणारी वस्तू जपून वापरावी असे कोणाला वाटेल?

या गाडगीळांच्याच अभ्यासातला एक तपशील मला फार आवडतो. सत्तरच्या दशकात बांबू का संपत चालला याचा शोध घ्यायला ते कारवारच्या जंगलात हिंडले. तिथला बांबू, कळक, काटेरी. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट कुंपण असते. गिरणीची आणि वनखात्याची समजूत अशी की या काट्यांमुळे बेटात गर्दी होते, कोंबांना वाढायला जागा राहत नाही. म्हणून बुंधे साफ करण्याचा नियम होता आणि तो शास्त्रीय मानला जाई. गावकरी म्हणत होते, साहेब, काटे काढू नका. काट्यांच्या आडोशानेच कोंब वाचतात. गाडगीळांनी मोजमाप केले आणि गावकऱ्यांचे खरे निघाले. काटे काढलेल्या बेटातले कोंब गाईगुरे, साळिंदर, रानडुकरे, वानरे यांच्या तोंडी पडत होते.

किती वर्षे ते काटे काढले गेले असतील! आणि हे माहीत असलेली माणसे तिथेच, हाकेच्या अंतरावर राहत होती. त्यांच्याकडे ज्ञान होते, पण ते बोलून दाखवायला जागा नव्हती. बोलले तर नोंदवून घेण्याचे बंधन कोणावर नव्हते. मतस्वातंत्र्य, माहितीचा हक्क, निर्णयात सहभागाचा हक्क हे शब्द आपण शहरातल्या सभागृहांशी जोडतो. त्या हक्कांच्या अभावी साळिंदराने कोंब खाल्ले, हे वाचल्यापासून मी ते शब्द निराळ्या अर्थाने वाचतो. १९९२ च्या रिओ परिषदेच्या जाहीरनाम्यातले दहावे तत्त्व हेच सांगते: पर्यावरणाचे प्रश्न सुटायचे तर त्यांची झळ पोहोचणाऱ्या माणसांना माहिती मिळाली पाहिजे, निर्णयात वाटा मिळाला पाहिजे आणि दाद मागायला दार उघडे असले पाहिजे.

आता सुरुवातीला म्हटलेले गडचिरोलीतले ते गाव: मेंढा. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघाले की तीसेक किलोमीटरवर, धानोऱ्याच्या अलीकडे, हे गोंड वस्तीचे छोटे गाव लागते. शेजारच्या लेखा गावाशी जोडून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. घरे शंभराच्या आसपास, आणि भोवती अठराशे हेक्टर जंगल. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गोदावरी आणि इंद्रावती नद्यांवर इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम ही धरणे होणार होती. त्यात हजारो हेक्टर जंगल आणि आदिवासींची गावे बुडणार होती. ‘जंगल बचाव मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले, बाबा आमटे त्यात उतरले, आणि धरणे मागे पडली. आंदोलनाच्या त्या नावाकडे जरा थांबून पाहावे. जंगल आणि मानव हे दोन शब्द मध्ये ‘आणि’सुद्धा न घालता शेजारी ठेवलेले आहेत, आणि ते ब्रुंटलंड अहवालाच्या आधी, विदर्भाच्या एका कोपऱ्यात.

त्या घुसळणीतून मेंढ्याला आपला आवाज सापडला. गावातले देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत अभ्यास करत राहिलेले मोहन हिराबाई हिरालाल ही नावे आता महाराष्ट्राला परिचित आहेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणाही अनेकांनी ऐकली असेल. गोंडीत तिचे मूळ रूप आणखी आटोपशीर आहे, ‘मावा नाटे मावा राज’. घोषणेपेक्षा मला त्यांची बैठकीची रीत जास्त विलक्षण वाटते. ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो, पुन्हा बोलणे होते, आणि सर्वांचे एकमत झाल्यावरच ठरते. आपल्याला हे अशक्य वाटते, कारण आपली सवय हात मोजायची. पण जंगलाच्या बाबतीत विचार करा. शंभरातल्या एक्कावन्न घरांनी ठरवले की यंदा अमुक भागात तोड बंद, आणि एकोणपन्नास घरांना ते पटलेले नाही, तर त्या बंदीची राखण कोण करणार? रात्री कोयता घेऊन जाणारा त्या एकोणपन्नासांतलाच असेल. पटेपर्यंत बोलत राहण्यात चार सभा जातात. त्या बदल्यात पहारेकरी ठेवावा लागत नाही.

सभेच्या जोडीला गावात अभ्यासगट चालतो. त्यात निर्णय करायचा नसतो, फक्त समजून घ्यायचे असते. बाहेरचा जाणकार येतो, गावातले बसतात, कायद्याची कलमे वाचली जातात. मधाचाही अभ्यास झाला: पोळे जाळून माश्या मारण्याची जुनी रीत सोडून, माश्यांना न मारता पोळ्याचा फक्त मधाचा भाग काढून घ्यायचा. पोळे राहिले की माश्या राहतात आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. बांबूच्या कंदाचे गणित इथेही तेच.

२००६ च्या डिसेंबरात संसदेने वनहक्क कायदा केला. त्याच्या प्रस्तावनेतच आदिवासी आणि इतर वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. आपल्या कायद्यांत अशी कबुली विरळाच. मला मात्र सर्वात थरारक वाटते ते कलम ३ मधले एक उपकलम. गाव परंपरेने ज्या सामूहिक वनाची राखण करत आले आहे, ते राखण्याचा, पुन्हा वाढवण्याचा, त्याचे जतन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यात दिलेला आहे, आणि तो शाश्वत वापरासाठी, असे शब्दही तिथेच आहेत. पुन्हा वाचा: राखण्याचा हक्क. आपण आजवर राखणीला कर्तव्य समजत आलो. शाळेच्या भिंतींवर लिहिले, झाडे जगवा. इथे कायदा म्हणतो की जंगल जगवणे हा तुमचा अधिकार आहे, तो कोणी तुमच्यापासून हिरावून घेऊ शकत नाही. एकाच उपकलमात हक्क आणि शाश्वतता अशा विणल्या गेल्या आहेत की एक धागा ओढला तर दुसरा सोबत येतो. याच कायद्यात आणखी एक शांत क्रांती आहे: विवाहित जोडप्याला जमिनीचा हक्क द्यायचा तर तो नवरा-बायको दोघांच्या नावे.

२००९ मध्ये मेंढ्याला आपल्या अठराशे हेक्टरांचा सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या काही गावांत ते होते. पण कागद हातात आला तरी बांबू बाहेर नेता येईना. वनोपज रस्त्याने न्यायची तर वाहतूक परवाना लागतो आणि परवाना देणार वनखाते. बांबू झाड की गवत हा वाद इथे आला, पुस्तकातून उठून थेट नाक्यावर. नव्या कायद्यात बांबू गौण वनोपज होता, जुन्यात झाड. दोन वर्षे हे चालले. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना लिहिले की बांबू गौण वनोपजच मानावा, आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

साधे पावतीपुस्तक ते. पण आता परवाना गाव फाडणार होते. ग्रामसभेने बांबू विकला, उत्पन्न कोटी रुपयांच्या घरात गेले, मजुरी गावातच राहिली, आणि त्या पैशांतून जंगलाच्या कामांसाठीही वाटा निघाला. २०१३ मध्ये गावाने याच्याही पुढे जाऊन ग्रामदान केले, शेतजमीनसुद्धा ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले.

हे वाचताना मनात एक शंका येते आणि ती यायलाच हवी. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, असे आपण म्हणतो ना? १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने ‘सायन्स’ नियतकालिकात हीच शंका गाजवली: सामाईक कुरणात प्रत्येक जण आपली एक गाय जास्त सोडणार आणि कुरण उजाड होणार, म्हणून एकतर खाजगी मालकी करा किंवा सरकारच्या ताब्यात द्या. अनेक सरकारांनी दुसरा पर्याय आनंदाने उचलला. एलिनोर ऑस्ट्रॉम या अभ्यासक बाईंनी मात्र सोपी गोष्ट केली: खरोखरची कुरणे पाहायला सुरुवात केली. त्यांच्या १९९० च्या पुस्तकात स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावाचा दाखला आहे. तिथल्या डोंगरकुरणासाठी १५१७ सालचा नियम असा, की जितक्या गाईंना तुम्ही आपल्या गोठ्यात हिवाळाभर पोसू शकता तितक्याच उन्हाळ्यात कुरणात सोडायच्या. मोजायला किती सोपा! गवताच्या गंजीकडे बघून शेजाऱ्याला कळते की याच्या गाई किती असायला हव्यात. शतके लोटली, कुरण टिकले.

अशी कितीतरी गावे, जलसिंचनाच्या पद्धती, मच्छीमारांचे किनारे अभ्यासून ऑस्ट्रॉम यांनी दाखवले की हार्डिन यांची गोष्ट घडते ती जिथे कुरणाला हद्द नाही, नियम नाहीत आणि माणसे एकमेकांशी बोलत नाहीत तिथे. टिकलेल्या व्यवस्थांतली आठ सूत्रे त्यांनी काढली. त्यातले सातवे आपल्या कामाचे आहे: लोकांना स्वतःचे नियम स्वतः करण्याचा हक्क आहे हे वरच्या सरकारने निदान मान्य केले पाहिजे. ते नसेल तर बाकीची सूत्रे कधी कोसळतील सांगता येत नाही. ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. साल होते २००९. ज्या वर्षी स्टॉकहोमने त्यांचे म्हणणे मान्य केले, त्याच वर्षी मेंढ्याच्या हाती तो कागद आला.

कागदाने खरेच फरक पडतो का, हे तपासता येते. ब्राझीलमध्ये ते तपासले गेले. ॲमेझॉनच्या जंगलात मूळनिवासींच्या भूभागांना मान्यता देण्याचे टप्पे आहेत: आधी पाहणी, मग हद्द ठरवणे, आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने अंतिम मोहर. ती मोहर बसली की मालकी पक्की. कॅथरिन बॅरागवनाथ आणि एला बायी या दोन अभ्यासकांनी १९८२ ते २०१६ या काळातली उपग्रहचित्रे घेऊन पाहिले की जंगलतोड कुठे आणि कधी थांबते. २०२० मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्या भूभागांवर अंतिम मोहर बसली तिथे तोड ठळकपणे घटली. ज्यांना ती मिळाली नव्हती, तिथे असा परिणाम दिसला नाही. लोक तेच, जंगल तेच, श्रद्धाही त्याच. फरक एका शिक्क्याचा. आकाशात शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाला कागदावरचा शिक्का दिसावा, यापेक्षा अद्भुत दुसरे काय असेल?

१० डिसेंबर १९४८ ला मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पहिल्याच कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व माणसे’ आले, ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहाने. ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. सतराव्या कलमातले दोन शब्द मात्र फारसे कोणी सांगत नाही. मालमत्ता धारण करण्याचा हक्क एकट्याला आहे, तसाच तो इतरांच्या सोबतीनेही आहे, असे ते कलम म्हणते. इतरांच्या सोबतीने! मेंढ्याची ग्रामसभा, ट्योर्बेलचे कुरण, ॲमेझॉनच्या जंगलातले मूळनिवासी, सगळे त्या दोन शब्दांत मावतात. २८ जुलै २०२२ रोजी आमसभेने आणखी एक पाऊल टाकले आणि स्वच्छ, निरोगी, शाश्वत पर्यावरण हाच मानवी हक्क असल्याचे मान्य केले. १६१ देश बाजूने, विरोधात एकही नाही, आठ तटस्थ.

सगळीच गावे मेंढा होत नाहीत, हेही सांगायला हवे. कित्येक दावे वर्षानुवर्षे फायलींत पडून आहेत. काही ठिकाणी हक्क मिळाला आणि पाठोपाठ ठेकेदार आला, ग्रामसभेला हिशेब ठेवता येईना, पैसा कुठे गेला कळेना. आणि त्याच गडचिरोलीत डोंगरांच्या पोटात लोखंड आहे, त्यावर अनेकांचे डोळे आहेत. त्या खाणींच्या वादात ग्रामसभेचा शब्द किती चालतो, यावर या साऱ्या कलमांची खरी परीक्षा आहे. हक्क मिळाला की जंगल आपोआप वाचते असे मी म्हणणार नाही. राखायची इच्छा, हिशेब, बोलत राहण्याची चिकाटी हे सगळे लागतेच. पण ही सगळी मेहनत माणूस करतो ती कोणत्या भरवशावर, हा प्रश्न उरतो, आणि तो भरवसा म्हणजे हक्क.

शेवटी पाचगावचे सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात हे छोटे गाव आहे. २०१२ मध्ये त्याला सुमारे एक हजार हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकून गावाचे बरे चालले. दुसरे मोठे रोख पीक हाताशी होते: तेंदूपत्ता, विडीची पाने. एप्रिल-मेच्या टंचाईत त्या पानांवर विदर्भातली असंख्य घरे तरतात. पण पाने कोवळी आणि भरपूर हवीत म्हणून तेंदूची झुडपे छाटतात, आणि जंगलाला आग लावतात. आग गेली की तेंदूला नवी तकतकीत पालवी फुटते, बाकीची रोपटी जळून जातात. पाचगावच्या ग्रामसभेने यावर विचार केला. पैसा दिसत होता, हक्कही आता त्यांचाच होता, कोणी अडवणारे नव्हते. त्यांनी ठरवले, आपण तेंदूपत्ता तोडायचा नाही. शिवाय चौतीसेक हेक्टर जंगल त्यांनी बाजूला काढले. तिथून काहीच घ्यायचे नाही.

ज्यांच्यावर जंगल लुटतील म्हणून दीडशे वर्षे पहारा ठेवला, त्यांनी असे केले.

तेंदू न छाटता वाढू दिला की त्याचे झाड होते आणि त्याला फळे धरतात. टेंभरे म्हणतात त्यांना. पिकली की पिवळी होतात, आत गोडसर गर असतो. छाटणीच्या जंगलात ती दिसतच नाहीत, झुडूप फळापर्यंत पोहोचतच नाही. पाचगावच्या रानात आता ती धरतात. ऐन उन्हाळ्यात, इतर गावांत पानांचे पुडे बांधले जात असतात त्या दिवसांत, इथली पोरे टेंभरे वेचायला जातात. झाडावरची पाखरांनी आधीच टोचलेली असतात.